थीम पार्क

थीम पार्क किंवा संकल्पना उद्यान म्हणजे एखादी कथा, काळ, प्रदेश वा कल्पना केंद्रस्थानी ठेवून उभारलेले कायमस्वरूपी मनोरंजन उद्यान होय. त्यातील इमारती, बागा, संगीत, कर्मचाऱ्यांचे पोशाख आणि राइड्स ही सर्व त्या कल्पनेशी सुसंगत असतात. केवळ पाळणे व खेळ एकत्र मांडलेल्या साध्या मनोरंजन उद्यानाहून ते याच बाबतीत वेगळे ठरते.

इतिहास

डेन्मार्कमधील कोपनहेगनजवळचे बाकेन (१५८३) हे जगातील सर्वांत जुने मनोरंजन उद्यान मानले जाते. त्याच शहरातील तिवोली उद्यान १५ ऑगस्ट १८४३ रोजी खुले झाले. १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात जॉर्ज फेरिस या अभियंत्याने सुमारे ८० मीटर उंचीचा महाकाय रहाटपाळणा उभारला. आजच्या अर्थाने थीम पार्कची कल्पना जगभर रुजवली ती वॉल्ट डिस्ने यांच्या डिस्नेलँडने. ते १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियातील अ‍ॅनहाइम येथे सुरू झाले. त्यानंतर फ्लोरिडा (१९७१), टोकियो (१९८३) आणि पॅरिस (१९९२) येथे त्याच धर्तीची उद्याने उभी राहिली. महाराष्ट्रात मुंबईतील गोराई येथे १९८९ मध्ये एस्सेल वर्ल्ड आणि खोपोलीजवळ २०१३ मध्ये इमॅजिका सुरू झाले.

वऱ्हाडातील परंपरा

अमरावती-अकोला भागात अशा करमणुकीचे मूळ स्थान जत्रा हेच होते. सातपुड्याच्या पायथ्याशी, चांदूर बाजार तालुक्यात भरणारी बहिरमची यात्रा डिसेंबरच्या उत्तरार्धात सुरू होते आणि दीर्घकाळ चालते. जत्रेतील रहाटपाळणा आणि मौत का कुआ हे फिरते असतात. मुक्काम हलला की ते सुटे करून पुढील गावी नेले जातात. अकोल्याच्या पश्चिमेस, बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव येथे श्री गजानन महाराज संस्थानाने उभारलेले आनंद सागर हे आध्यात्मिक संकल्पनेवर आधारलेले उद्यान आहे. विस्तीर्ण तलाव, ध्यानमंदिर आणि बालगोपाळांची छोटी रेल्वे यांमुळे ते प्रसिद्धीस आले. मध्यंतरी काही वर्षे ते बंद होते.

कार्यपद्धती

बहुतेक रोलर कोस्टरच्या डब्यांना इंजिन नसते. साखळी त्यांना पहिल्या चढावर ओढून नेते. उंचीमुळे साठलेल्या ऊर्जेचे उतारावर वेगात रूपांतर होते. घर्षण आणि हवेचा रोध यांत काही ऊर्जा खर्ची पडत असल्याने पुढचा प्रत्येक चढ पहिल्यापेक्षा कमी उंच ठेवावा लागतो. चाकांचे तीन संच असतात: एक रुळावर, दुसरा बाजूस आणि तिसरा रुळाखाली. त्यामुळे डबा उलटा झाला तरी रूळ सोडत नाही.

सुरक्षितता

राइडच्या प्रवेशापाशी असलेली उंचीची खूण ही औपचारिकता नव्हे. कंबर वा खांदे धरून ठेवणारा दांडा विशिष्ट शरीरमापासाठी बनवलेला असतो. लहान मूल त्यातून निसटू शकते. वयाने मोठे परंतु ठेंगणे असलेले मूल नाकारले जाते ते याच कारणाने. पदर, ओढणी आणि मोकळे केस फिरत्या भागांत अडकण्याचा धोका असल्याने ते आवरून घ्यावे लागतात. यंत्राची नियमित तपासणी तितकीच महत्त्वाची असते. १४ जुलै २०१९ रोजी अहमदाबाद येथील कांकरिया तलावाच्या परिसरात लोलकाप्रमाणे झुलणारी राइड मोडून दोघांचा मृत्यू झाला.

कुटुंबाची पहिली भेट

परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबाची अशी पहिली भेट पुष्कळदा तीन पिढ्यांची असते; गावाकडून आलेले आजी-आजोबाही सोबत असतात. जत्रेत प्रत्येक पाळण्याचे पैसे वेगळे द्यावे लागतात, तर मोठ्या उद्यानांत सामान्यतः प्रवेशशुल्कातच बहुतेक राइड्स येतात. त्यामुळे काही न खेळणाऱ्या ज्येष्ठांनाही प्रायः तिकीट काढावे लागते. मूल उंचीत बसत नसल्यास डिस्नेच्या उद्यानांत एक पालक मुलाजवळ थांबतो आणि दुसरा राइड घेतो. नंतर पहिल्याला पुन्हा पूर्ण रांग न लावता संधी मिळते. हृदयविकार, मानेचे वा पाठीचे दुखणे असणाऱ्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी वेगवान राइड्स टाळाव्यात, अशा सूचना सर्वत्र लावलेल्या असतात. मिरवणुका, नाट्यप्रयोग आणि संथ गतीच्या बोटी अशा पाहुण्यांनाही अनुकूल असतात.