अडगळ आणि अवधान

घटस्थापनेपूर्वी घरोघरी झाडलोट होते. कोनाड्यातील फुटकी पाटी, खुंटीवरची दांडा मोडलेली छत्री, गतवर्षीच्या वह्यांचा ढीग! ‘कधीतरी उपयोगी पडेल’ म्हणून ठेवलेल्या या वस्तू केवळ जागाच अडवीत नाहीत. डोळ्यांसमोरची प्रत्येक वस्तू आपले लक्ष वेधू पाहते, आणि तिच्याकडे दुर्लक्ष करण्यातही मेंदूची शक्ती खर्च होते. मनाची ओंजळ मुळात लहान. ऐकलेले सुटे अंक मनुष्य एका वेळी सुमारे सातच ध्यानात धरू शकतो, असे जॉर्ज मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५६ साली दाखविले. मग गणित सोडविताना समोर पतंग, गोट्या आणि अर्धवट वाचलेली गोष्ट असेल, तर हातचा विसरला जाणारच! आजोबांची जुनी काठी मात्र अडगळ नव्हे; तिला भिंतीशी राहू द्यावे. अभ्यासापुरते मेज मोकळे असले, की पुरे.