बाराही महिने पाहुणे

आपल्याकडे माणूस गाव सोडून निघतो तो यात्रेला, लग्नकार्याला, नाही तर सोयऱ्याधायऱ्यांना भेटायला. नुसतं डोंगरात हिंडायला जायचं आणि त्यासाठी पदरचे पैसे मोडायचे, हे पुष्कळांना नवल वाटेल. पण युरोपात एक खोरं असं आहे, की तिथल्या लोकांचं पोट या नवलावरच चालतं. त्या खोऱ्याची हकीकत आम्ही इथं सांगणार आहोत.

फ्रान्स देशाच्या पूर्व कडेला आल्प्स नावाचे मोठे डोंगर आहेत. त्यांच्या कुशीत शामोनी नावाचं गाव आहे. गावाच्या डोक्यावर माँ ब्लां हे शिखर उभं आहे. माँ ब्लां म्हणजे पांढरा डोंगर. त्याची उंची ४,८०० मीटरच्या थोडी वर भरते. आपलं कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर आहे, म्हणजे हा डोंगर त्याच्या जवळजवळ तिप्पट झाला. एवढ्या उंचीवर उन्हाळ्यातसुद्धा बर्फ हटत नाही. वर्षानुवर्षं तो साठतो, आपल्याच भारानं दबून दगडासारखा घट्ट होतो आणि मुंगीच्या पावलानं उतारावरून खाली सरकत राहतो. त्याला हिमनदी म्हणतात. शामोनीच्या खोऱ्यात अशा हिमनद्या थेट वस्तीच्या अंगावर उतरलेल्या असत.

पूर्वी हे खोरं गरीब होतं. थोडं धान्य, बटाटे, गाई आणि शेळ्या एवढीच मिळकत. थंडी लांबलचक. त्या मुलखातली पुष्कळ माणसं, अगदी लहान पोरंसुद्धा, हिवाळ्यात परगावी धुराडी झाडायला जात. काहीजण जिवावर उदार होऊन कड्याकपारीतून स्फटिक शोधून आणत आणि विकत.

१७४१ साली काही इंग्रज प्रवासी हत्यारं बांधून या खोऱ्यात आले. इथं रानटी लोक असतील अशी त्यांची समजूत होती! भेटले ते साधे शेतकरी. प्रवाशांनी परत जाऊन बर्फाची वर्णनं लिहिली आणि हळूहळू पाहुण्यांची रीघ लागली. १७६० साली सोस्यूर नावाच्या शास्त्रज्ञानं जाहीर केलं, की माँ ब्लांच्या माथ्यावर जाण्याची वाट जो शोधील त्याला बक्षीस देऊ. सव्वीस वर्षं कोणाला ते साधलं नाही. शेवटी ८ ऑगस्ट १७८६ रोजी पाकार नावाचा गावचा डॉक्टर आणि बाल्मा नावाचा स्फटिक शोधणारा असे दोघे वर पोचले. १८०८ साली मारी पाराडी ही गरीब घरची कामकरी बाईही माथ्यावर जाऊन आली. शिखरावर जाणारी ती पहिली स्त्री.

आता पाहुण्यांना वाट दाखवायची तर वाटाड्या हवा. गावचे शेतकरीच वाटाडे झाले. पण १८२० साली शिखराकडे जाताना बर्फ कोसळला आणि तीन वाटाडे त्याखाली गाडले गेले. पाहुणे वाचले. मेलेल्यांच्या बायकापोरांनी काय खायचं? पुढच्याच वर्षी, १८२१ साली, वाटाड्यांनी एकत्र येऊन आपली मंडळी स्थापन केली. काम पाळीपाळीनं वाटायचं, म्हणजे गिऱ्हाइकासाठी आपसात ओढाताण नको. मिळकतीतला काही भाग समाईक पेटीत टाकायचा आणि जखमी माणसाला, विधवेला त्यातून मदत द्यायची. ही मंडळी आजही चालू आहे. दर वर्षी १५ ऑगस्टच्या सुमारास वाटाड्यांचा सण होतो आणि डोंगरात गेलेल्यांची आठवण काढली जाते. शिखर कोणी आधी गाठलं याची चर्चा लोक फार करतात. आम्हाला तर ही पेटीच जास्त मोठी वाटते.

तरी हे सारं उन्हाळ्यापुरतंच होतं. हिवाळ्यात कोण येणार? ती अडचण लाकडाच्या फळ्यांनी सोडवली. लांब, अरुंद, पुढून वळलेल्या फळ्या पायांना बांधायच्या आणि बर्फावरून घसरत जायचं. त्यांना स्की म्हणतात. १९०१ साली गावात आगगाडी आली, आणि १९२४ साली हिवाळी ऑलिंपिकचे पहिले सामने इथंच झाले. तेव्हापासून थंडी हाही कमाईचा हंगाम झाला. १९५५ साली तारेवरून चालणारा पाळणा एग्वी द्यु मिदी या ३,८४२ मीटर उंच सुळक्याजवळ नेला. गावातून निघालेला माणूस वीसएक मिनिटांत तिथं पोचतो. वर हवा विरळ असते. डोकं गरगरतं, धाप लागते. म्हणून तिथं सावकाश चालावं.

आता हिवाळ्यात स्की, उन्हाळ्यात पायी हिंडणं आणि कडे चढणं. सारा डोंगर फिरून यायची १७० किलोमीटरची पायवाट आहे. ती फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड अशा तीन देशांतून जाते. मधल्या दिवसांत गाव थोडा दम घेतं.

पण डोंगर कोणाचा मिंधा नसतो. जुन्या, गुळगुळीत बर्फावर ताज्या बर्फाचा जाड थर पडला, की तो एकदम सुटतो. ९ फेब्रुवारी १९९९ रोजी मोंरोक वाडीवर अशीच बर्फाची दरड आली आणि १२ माणसं गेली. बर्फ किती धोक्याचा आहे हे हिवाळ्यात रोज १ ते ५ अशा आकड्यांनी जाहीर करतात. तो आकडा वाचून मगच शहाणा माणूस डोंगराकडे निघतो.

दुसरं संकट हळू चाललं आहे. जगाची हवा तापते आहे आणि हिमनद्या आटत आहेत. ‘बर्फाचा समुद्र’ नावाच्या तिथल्या मोठ्या हिमनदीकडे १९०९ पासून दातेरी रुळांची गाडी जाते. पूर्वी स्टेशनाच्या खाली लगेच बर्फ दिसे. नंतर तिथून पाळण्यानं उतरावं लागलं, आणि पाळण्यापासून बर्फापर्यंत पायऱ्या बांधाव्या लागल्या. वर्षागणिक त्या वाढत पाचशेच्या वर गेल्या. २०२४ साली नवा पाळणा आणखी वरच्या अंगाला नेला.

बर्फ सरकतो आणि वितळतो, तसं त्याच्या पोटातलं बाहेर पडतं. यात आपल्या देशाचंही दुःख आहे. १९५० साली एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ विमान माँ ब्लांवर आदळलं आणि ४८ माणसं गेली. २४ जानेवारी १९६६ रोजी मुंबईहून लंडनला निघालेलं ‘कांचनजंगा’ त्याच डोंगरावर आपटलं. त्यात ११७ माणसं गेली. मुंबईत जन्मलेले थोर शास्त्रज्ञ होमी भाभा त्यातच होते. २०२० साली त्या विमानातली वर्तमानपत्रं बर्फातून वर आली. इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्याची बातमी त्यांत अजून वाचता येत होती. त्याआधी २०१३ साली एका तरुण गिर्यारोहकाला बर्फात एक पेटी सापडली होती. आत पाचू, नीलम आणि माणकं. त्यानं ती नेऊन पोलिसांच्या हवाली केली. मूळ मालक शोधण्यात आठ वर्षं गेली. २०२१ साली निम्मी रत्नं त्या तरुणाला मिळाली आणि निम्मी शामोनी गावाला.