डोकं एक, ‘मी’ किती?

डोक्याच्या मधोमध, मेंदूच्या डाव्या-उजव्या भागांना जोडणारा सुमारे वीस कोटी तंतूंचा एक जाड पट्टा असतो. त्याचं नाव कॉर्पस कॅलोसम. डावा भाग उजवा हात चालवतो आणि उजवीकडचं पाहतो; उजवा भाग डावा हात चालवतो आणि डावीकडचं पाहतो. बोलण्याचं खातं मात्र बहुतेकांचं डावीकडेच.

हा पट्टा कापला तर?

१९६२ साली लॉस एंजेलिसमध्ये दुसऱ्या महायुद्धातल्या एका सैनिकाचा कापला. डोक्याला मार बसल्यापासून त्याला फिट यायच्या; त्या आटोक्यात आल्या. बोलणं शाबूत, बुद्धी शाबूत. मग रॉजर स्पेरी आणि त्यांचा विद्यार्थी मायकल गॅझॅनिगा यांनी त्याला पडद्यासमोर बसवलं. उजव्या बाजूला चमकलेलं चित्र तो सांगे. डाव्या बाजूला चमकलं की म्हणे, काहीच दिसलं नाही. आणि त्याच वेळी त्याचा डावा हात ‘दिसलं’ म्हणून कळ दाबे! १९८१ मध्ये स्पेरींना नोबेल मिळालं.

ऑपरेशननंतर काही रुग्णांचा एक हात शर्टाची बटणं लावी, तर दुसरा ती काढत सुटे.

पण सगळ्यात भन्नाट किस्सा १९७० च्या दशकातल्या एका किशोरवयीन मुलाचा. त्याच्या डाव्या मेंदूला दाखवला कोंबडीचा पंजा, उजव्याला बर्फाने वेढलेलं घर. समोरच्या चित्रांतून उजव्या हाताने कोंबडी निवडली, डाव्याने फावडं. फावडं कशाला रे? बर्फ तर बोलणाऱ्या भागाने पाहिलाच नव्हता. तरी मुलगा अडखळला नाही : कोंबडीचं खुराडं साफ करायला फावडं लागतंच की! तो खोटं बोलत नव्हता. हाताने काहीतरी केलं, डाव्या मेंदूने त्याला कारण जोडलं, आणि ते त्याला स्वतःलाही पटलं. माझ्या मते यातली सर्वात मोलाची गोष्ट हीच. पट्टा शाबूत असलेले आपणही दिवसभर हेच करत नसू कशावरून?

 

मग एका डोक्यात दोन माणसं? २०१७ साली ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी पट्टा कापलेल्या दोघांना तपासलं. ठिपका डावीकडे असो वा उजवीकडे, तो आहे आणि कुठे आहे हे ते कुठल्याही हाताने दाखवत, तोंडानेही सांगत. म्हणजे पाहणारा एकच? पण डावीकडचं चित्र आणि उजवीकडचं चित्र सारखं आहे का, हे काही त्यांना सांगता येईना. वाद अजून चालू आहे.

मला मात्र पुन्हा तो फावडंवाला मुलगाच आठवतो. त्याच्या उजव्या मेंदूलाही थोडी अक्षरओळख होती. असं फार क्वचित आढळतं. मोठेपणी कोण व्हायचंय? तोंडाने सांगितलं, ड्राफ्ट्समन. तोच प्रश्न उजव्या मेंदूला विचारला, तेव्हा डाव्या हाताने स्क्रॅबलची अक्षरं एकेक करून जुळवली : मोटारींची शर्यत.