उद्यानाचा आराखडा कोणी करावा?

नगरपालिकेने उद्यान करावयाचे ठरविले की बहुधा प्रथम कारंजे ठरते, मग प्रवेशद्वार, मग नामकरण. तेथे येणाऱ्या माणसांचा विचार अनेकदा उद्घाटनानंतर सुरू होतो. निधीची चणचण हे याचे एकमेव कारण नव्हे. उद्याननियोजन ही स्वतंत्र विद्या आहे, हेच आपल्या नगरप्रशासनाने मनापासून मानलेले नाही.

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कच्या आराखड्याची स्पर्धा १८५८ साली ऑल्मस्टेड व व्हॉक्स या जोडीने जिंकली. व्हॉक्स वास्तुविशारद, तर ऑल्मस्टेड शेती व पत्रकारिता करून आलेला. उद्यान आडवे ओलांडणारे रस्ते त्यांनी जमिनीच्या पातळीखालून नेले. शहराची वाहतूक अडली नाही आणि फिरणाऱ्याच्या आड आली नाही. केवळ फुलझाडांच्या ज्ञानातून ही योजना सुचत नाही. जमिनीचा उतार, पाण्याचा निचरा आणि गर्दीची ये-जा यांची एकत्रित जाण तीस लागते.

ऑल्मस्टेडच्या काळी या विषयाची पदवी नव्हती. आज दिल्ली, अहमदाबाद येथे भूदृश्य वास्तुकलेचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. तथापि १९७२ च्या वास्तुविशारद कायद्याने ‘वास्तुविशारद’ या अभिधानास जे संरक्षण दिले, तसे स्वतंत्र वैधानिक संरक्षण भूदृश्यकारास नाही. साहजिकच हे काम कधी उद्यानविद्येच्या पदवीधराकडे, कधी स्थापत्य अभियंत्याकडे, तर कधी (हे अधिक गंभीर) थेट ठेकेदाराकडे जाते.

नियोजकास कायदा आणि हिशेबही कळावयास हवा. महाराष्ट्राच्या १९६६ च्या नगररचना अधिनियमानुसार उद्यानासाठी आरक्षित जमीन दहा वर्षांत संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतरच्या मुदतीतही पालिका हलली नाही, तर आरक्षण संपुष्टात येते. एकदा तेथे इमारत उभी राहिली की ती जागा उद्यानास परत मिळणे जवळजवळ अशक्यच. जमीन हातची जाण्यापूर्वी निकड पटवून देणारा जाणकार पालिकेत हवा, तो नंतर नेमून काय उपयोग?

खर्चाचेही तेच. बांधकाम एकदाच होते, माळ्याचा पगार आणि पाणी दरवर्षी लागते. अवर्षणप्रवण तालुक्याच्या गावी विस्तीर्ण हिरवळ आखणाऱ्याने वैशाखात तिला पाणी कोठून द्यावयाचे, याचा हिशेब आराखड्यासोबतच जोडावयास हवा. कडुनिंब, करंज यांची सावली त्या मानाने फार स्वस्त पडते. परंतु ती धरावयास काही वर्षे लागतात आणि उद्घाटनाच्या छायाचित्रात ती दिसत नाही.