एक आयुष्य, तीन रूपे : गीत, ग्रंथ आणि चित्रपट

थोर अथवा लोकप्रिय व्यक्तीचे चरित्र पडद्यावर पाहण्याची हौस सर्वच समाजांत आढळते. चित्रगृहातून बाहेर पडताना प्रेक्षक 'असे घडले होते तर!' असे म्हणतो आणि त्या क्षणापासून त्या व्यक्तीचे आयुष्य त्याच्या मनात चित्रपटाच्याच रूपाने वास करू लागते. पुढे कोणी कागदपत्रे काढून दाखवली तरी मनातले चित्र सहसा पुसले जात नाही. चरित्रपटाची ही शक्ती मोठी आहे, आणि म्हणूनच तिची पारख करणे अगत्याचे आहे. ही पारख नुसत्या तत्त्वचर्चेने होत नाही, तिला एखादे ठोस उदाहरण लागते. आम्ही ते अमेरिकेतून घेतो. लोरेटा लिन या गायिकेच्या आयुष्यावरचा 'कोल मायनर्स डॉटर', म्हणजे 'कोळसा-खाणकामगाराची मुलगी', हा १९८० सालचा चित्रपट या कामी फार सोयीचा आहे. कारण हे एकच आयुष्य आधी गीतात, मग ग्रंथात आणि शेवटी चित्रपटात उतरले. प्रत्येक वेळी त्यातले काय राहिले आणि काय गळले, हे आपल्याला ताडून पाहता येते.

प्रथम या गायिकेच्या संगीताविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे. अमेरिकेत ज्याला 'कंट्री म्युझिक' म्हणतात ते दक्षिणेकडील खेड्यापाड्यांतून वर आलेले गाणे होय. इंग्लंड, स्कॉटलंड व आयर्लंड येथून गेलेल्या वसाहतवाल्यांनी आपली कथागीते आणि फिडल हे वाद्य बरोबर नेले. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या वाद्यपरंपरेतून बँजो आला, आणि कृष्णवर्णीयांच्या 'ब्लूज'चा सूरही त्यात मिसळला. १९२५ साली टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथील आकाशवाणी केंद्रावरून या गाण्यांचा एक साप्ताहिक कार्यक्रम सुरू झाला. तोच पुढे 'ग्रँड ओल ऑप्री' या नावाने प्रसिद्धीस आला. १९२७ साली ब्रिस्टॉल या गावी कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स यांची गाणी ध्वनिमुद्रित झाली आणि या संगीताचा व्यापार उभा राहिला.

या गाण्याचा श्रोता गायकाकडून केवळ गोड गळ्याची अपेक्षा करीत नाही. ज्या दारिद्र्याचे, विरहाचे वा संसारातल्या कलहाचे गाणे म्हणायचे, ते गायकाने स्वतः भोगलेले असावे अशी त्याची धारणा असते. गायकाचे आयुष्य हे जणू त्याच्या गाण्याचे तारणच. साहजिकच या क्षेत्रात चरित्र हीदेखील विकली जाणारी वस्तू ठरते, आणि जी वस्तू विकली जाते तिला थोडीफार झिलई चढतेच. ही गोष्ट ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

लोरेटा वेब हिचा जन्म १४ एप्रिल १९३२ रोजी केंटकी राज्यातील बुचर हॉलो या ठिकाणी झाला. 'हॉलो' म्हणजे दोन डोंगरांमधली अरुंद घळ. आठ भावंडांत ही दुसरी. वडील टेड वेब हे जवळच्या व्हॅन लिअर येथे कोळशाच्या खाणीत काम करीत. व्हॅन लिअर हे खाण कंपनीने आपल्या कामगारांसाठी वसवलेले गाव. १० जानेवारी १९४८ रोजी लोरेटाचे लग्न ऑलिव्हर लिन या महायुद्धाहून परतलेल्या तरुणाशी झाले. त्याला सारे 'डूलिटल' म्हणत. खाणीत जन्म घालवायचा नाही असे ठरवून हे जोडपे देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, वॉशिंग्टन राज्यातील कस्टर येथे गेले. विशी गाठेपर्यंत लोरेटा चार मुलांची आई झाली होती. घरकाम करताना ती गुणगुणत असे. ते ऐकून नवऱ्याने १९५३ मध्ये तिला एक स्वस्तातली गिटार आणून दिली. ती स्वतःच शिकली. १९६० साली एका लहानशा कंपनीने तिची पहिली ध्वनिमुद्रिका काढली. त्या तबकड्या गाडीत घालून नवराबायको गावोगावच्या आकाशवाणी केंद्रांवर स्वतः हिंडली, आणि ते गाणे राष्ट्रीय क्रमवारीत चौदाव्या स्थानापर्यंत चढले. त्याच वर्षी तिने ऑप्रीच्या रंगमंचावर पाऊल ठेवले, १९६२ मध्ये ती तेथील सभासद झाली आणि १९७२ मध्ये कंट्री संगीत संघटनेचा वर्षातील सर्वश्रेष्ठ कलावंताचा सन्मान मिळवणारी पहिली स्त्री ठरली.

आता या आयुष्याचे पहिले रूप पाहू, ते म्हणजे गीत. 'कोल मायनर्स डॉटर' हे गीत लोरेटाने स्वतः लिहिले. ते १९७० मध्ये प्रसिद्ध झाले आणि कंट्री गीतांच्या क्रमवारीत पहिले आले. बालपणातले दारिद्र्य, वडिलांचे खाणीतले काम, आईचे कष्ट आणि घरातले प्रेम एवढाच त्याचा विषय. मूळ गीत बरेच लांब होते. ध्वनिमुद्रिकेच्या मर्यादेत बसवण्यासाठी निर्माते ओवेन ब्रॅडली यांनी तिला काही कडवी गाळायला लावली. म्हणजे चित्रपटाच्याही दहा वर्षे आधी, पहिल्याच टप्प्यावर, या आयुष्याला कात्री लागली होती. काटछाट हा चित्रपटाचाच दोष मानणाऱ्यांनी हे विसरू नये.

दुसरे रूप ग्रंथाचे. १९७६ साली जॉर्ज व्हेक्सी या पत्रकाराच्या साहाय्याने तिचे आत्मचरित्र त्याच नावाने प्रसिद्ध झाले. गीतात जे सांगता आले नव्हते ते, म्हणजे नवऱ्याचे मद्यपान, त्याचा बाहेरख्यालीपणा, स्वतःचा थकवा, हे सारे ग्रंथात आले. आणि येथेच आपला मूळ प्रश्न उभा राहतो. आपले लग्न तेराव्या वर्षी झाले असे तिने ग्रंथात सांगितले, आणि जगाने ते मानले. २०१२ साली एका वृत्तसंस्थेने जन्मदाखला व विवाहाची नोंद उजेडात आणली. त्या नोंदींप्रमाणे लग्नाच्या वेळी ती १५ वर्षांची होती.

यावर दोन प्रकारची मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, तेरा काय आणि पंधरा काय, मूल ते मूलच. दोन वर्षांच्या फरकाने त्या मुलीच्या हालांत काय उणे झाले? दुसरा पक्ष म्हणतो, तारीख खोटी तर बाकीच्यावर विश्वास कसा ठेवावा? आम्हांला दोन्ही मते अपुरी वाटतात. पंधराव्या वर्षी, ओळख होऊन जेमतेम महिना लोटल्यावर लग्न होणे आणि विशीच्या आत चार बाळंतपणे होणे हे सत्य मूळातच इतके दारुण आहे, की त्याला अतिशयोक्तीची गरज नव्हती. तरीही ती झाली. ती का झाली हे आम्ही सांगू शकत नाही. परंतु ज्या व्यवसायात कलावंताचे वय आणि दुःख या दोहोंना बाजारभाव असतो, तेथे असे घडावे यात नवल नाही. चूक कळल्यावर ती दुरुस्त करावी, पण त्यापायी साऱ्या साक्षीला खोटे ठरवू नये, हाच न्याय्य मार्ग होय.

तिसरे रूप चित्रपटाचे. दिग्दर्शक मायकेल ॲप्टेड हे इंग्रज गृहस्थ. १९६४ मध्ये ब्रिटिश दूरचित्रवाणीने सात वर्षांच्या काही मुलांच्या मुलाखती दाखवल्या होत्या. पुढे दर सात वर्षांनी त्याच व्यक्तींकडे परत जाऊन त्यांची आयुष्ये टिपण्याचे काम ॲप्टेड यांनी २०१९ पर्यंत केले. खऱ्या माणसांकडे धीराने पाहण्याची ही सवय त्यांच्या चित्रपटातही दिसते. केंटकीची ती घळ, लाकडी घर, खाणीतून काळवंडून येणारा बाप यांचे चित्रण करताना त्यांनी गरिबीची टिंगलही केली नाही आणि तिला गोंडस रूपही दिले नाही. बापाची भूमिका त्यांनी लेव्हॉन हेल्म या दक्षिणेकडल्याच वादकाला दिली, ज्याने तोवर चित्रपटात काम केले नव्हते. अर्नेस्ट टब यांच्यासारखे ऑप्रीचे जुने गायक स्वतःच्याच रूपात पडद्यावर आले.

नायिका म्हणून सिसी स्पेसेक हिची निवड खुद्द लोरेटानेच छायाचित्रावरून केली. स्पेसेकने लोरेटाच्या सहवासात राहून तिची बोलण्याची ढब उचलली आणि चित्रपटातील गाणी स्वतःच्या गळ्याने म्हटली. पार्श्वगायनाची सवय असलेल्या आपल्या प्रेक्षकांना याचे विशेष वाटणार नाही, म्हणून थोडा खुलासा करतो. गायकाच्या चरित्रपटात आवाज कोणाचा हा मोठाच प्रश्न असतो. १९६४ मध्ये हँक विल्यम्सवर जो चित्रपट निघाला त्यात नट दुसरा आणि गळा हँकच्या मुलाचा होता. पॅट्सी क्लाइन हिच्यावरच्या १९८५ च्या चित्रपटात तिच्याच मूळ ध्वनिमुद्रिका वाजवून नटीने ओठ हलवले. पहिल्या दोन रीतींत गाणे अस्सल राहते, पण माणूस आणि गाणे यांच्यात एक फट पडते. स्पेसेकच्या रीतीत आवाज अगदी हुबेहूब नसेल. मात्र स्वयंपाकघरात गुणगुणणारी बाई आणि हजारोंपुढे गाणारी बाई ही एकच आहे याची खात्री पटते. या भूमिकेसाठी तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर पारितोषिक मिळाले, ते उगीच नव्हे. २००५ मध्ये जॉनी कॅशवर निघालेल्या 'वॉक द लाइन' या चित्रपटातील दोन्ही प्रमुख नटांनीही हीच वाट धरली.

चित्रपटाची खरी कसोटी नवऱ्याच्या चित्रणात होती. टॉमी ली जोन्स याने उभा केलेला डूलिटल बायकोवर हात उगारतो, तिला न विचारता निर्णय घेतो, दारू पितो. आणि तोच तिला गिटार आणून देतो, ती बुजत असता तिला गायला उभी करतो. त्याला खलपुरुष ठरवणे सोपे होते, उद्धारक ठरवणे त्याहून सोपे. चित्रपटाने दोन्ही टाळले. हे दोघे १९९६ मध्ये त्याचे निधन होईतो एकत्र राहिले. अशा संसाराचा निवाडा एका वाक्यात करू पाहणाऱ्याला हा चित्रपट निरुत्तर करतो, हे त्याचे मोठे यश आहे.

मात्र एका ठिकाणी तो कमी पडतो, असे आमचे मत आहे. १९७५ साली लोरेटाचे 'द पिल' हे गाणे प्रसिद्ध झाले. संततिनियमनाच्या गोळीमुळे लागोपाठच्या बाळंतपणांतून सुटलेल्या स्त्रीचे ते मनोगत. अनेक आकाशवाणी केंद्रांनी ते वाजवण्याचे नाकारले. चित्रपटातील गाण्यांत त्याला स्थान मिळालेले नाही. सोसणारी, गाणारी, थकून रंगमंचावर कोसळणारी आणि पुन्हा उभी राहणारी लोरेटा आपल्याला दिसते. सोसले त्याविषयी उघड बोलणारी आणि त्यापायी रोष ओढवून घेणारी लोरेटा त्या मानाने फिकी राहते. दोन तासांत सारे मावत नाही हे खरे. परंतु काय मावले नाही यावरूनही चित्रपटकर्त्यांचा कल कळतो.

मग अशा चित्रपटाकडे पाहावे तरी कसे? आम्ही तीन प्रश्न सुचवतो. हे आयुष्य प्रथम कोणी सांगितले, आणि सांगण्यात त्याचा काय लाभ होता? आधीच्या रूपातले या रूपात काय गळले? आणि जे उरले त्याने त्या माणसाची आपली समजूत वाढली, की नुसते कौतुक वाढले? तिन्ही प्रश्न या चित्रपटाला विचारले तर दोष सापडतात, पण समजूत खचित वाढते. २०१९ मध्ये अमेरिकेने हा चित्रपट जतन करण्याजोग्या राष्ट्रीय चित्रपटांच्या यादीत घेतला. लोरेटा लिन ४ ऑक्टोबर २०२२ रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी निवर्तली. आता तिच्या आयुष्याला नवे काही सांगणारा तिचा स्वतःचा आवाज उरलेला नाही. गीत, ग्रंथ आणि चित्रपट तेवढे मागे आहेत. यांतले कोणतेही एकटे पुरेसे नाही. तिन्ही शेजारी ठेवून पाहणाऱ्याला मात्र त्या घळीतली मुलगी बरीचशी भेटते.