दातावरचा डाग आणि दातातली कीड

तुमच्या घरी सहा-सात वर्षांचा भाऊ किंवा बहीण असेल, तर एक लहानसे निरीक्षण करा. सकाळच्या उन्हात त्याला ‘आ’ करायला सांगा आणि दात मोजा. पुढचा एखादा दात पडलेला असेल. ते सर्वांच्या लक्षात येतेच. पण खालच्या जबड्यात अगदी मागे, दुधाच्या शेवटच्या दाढेच्याही पलीकडे, एक रुंद नवी दाढ वर आलेली दिसेल. तिला जागा करून देण्यासाठी कोणताही दात पडलेला नसतो. त्यामुळे घरात तिची कोणाला चाहूल लागत नाही, आणि लागलीच तर ‘दुधाचीच आहे, पडेल कधीतरी’ असे म्हणून ती सोडून दिली जाते. प्रत्यक्षात ही दाढ कायमची असते. ती गेली तर तिच्या जागी दुसरी येत नाही.

आता दातांचा रंग पाहा. आपल्या बीड जिल्ह्यातील काही गावांत मुलांच्या कायमच्या दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे किंवा पिवळट-तपकिरी डाग दिसतात. काही मुलांच्या दाढांच्या खाचांत काळे ठिपके आणि खड्डे असतात. बोलताना आपण दोन्हींना सरसकट ‘दात किडले’ म्हणतो. पण डाग आणि कीड या अगदी निराळ्या गोष्टी आहेत. गंमत अशी, की फ्लोरीन हे एकच मूलद्रव्य एकीचे कारण आहे आणि दुसरीवरचा उतारा!

आधी कीड घेऊ. हिच्यात किडा नसतो. रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातल्या अळ्या काढून दाखवणारे लोक अजूनही भेटतात, पण दातात अळी कधीच नसते. दाताचे बाहेरचे कवच म्हणजे दंतवल्क, अर्थात इनॅमल. आपल्या शरीरातला हा सर्वांत कठीण पदार्थ. वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग कॅल्शियम आणि फॉस्फेट यांच्या स्फटिकांचा असतो. त्या खनिजाचे नाव हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट. इतके कठीण असूनही ते आम्लात विरघळते. कैऱ्या किंवा चिंचा खाल्ल्यावर दात आंबतात, हा अनुभव तुम्हाला आहेच. दातांवर साचणाऱ्या चिकट थरात जिवाणू राहतात. आपण खाल्लेल्या साखरेवर ते जगतात आणि तिचे आम्ल करतात. दाताजवळच्या द्रवाचा सामू सुमारे ५.५ च्या खाली उतरला, की दंतवल्कातून कॅल्शियम निसटू लागते.

१९४० च्या दशकात अमेरिकेत रॉबर्ट स्टीफन यांनी हा सामू प्रत्यक्ष मोजला. साखरेच्या द्रावणाने चूळ भरल्यावर काही मिनिटांतच तो झपाट्याने खाली येतो आणि पूर्वपदावर यायला अर्ध्या तासापासून तासभर लागतो. लाळ आम्ल धुऊन नेते, त्याची तीव्रता मोडते आणि निसटलेले कॅल्शियम काही प्रमाणात परत बसवते. म्हणजे तुमच्या दातावर रोज झीज आणि भरपाई असा जमाखर्च चालू असतो. याचा आलेख काढून पाहा, म्हणजे एक महत्त्वाची गोष्ट उमगेल. लग्नात एका बैठकीला चार जिलब्या खाल्ल्या, तर सामूचा आलेख एकदाच खाली जातो. पण दर तासाला एक लिमलेटची गोळी चघळली, तर तो वर यायच्या आत पुन्हा खाली ढकलला जातो, आणि दिवसभर फक्त झीजच होत राहते. साखर दोन्ही वेळा सारखी असली तरी नुकसान सारखे नसते. तान्ह्या मुलाला साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात देऊन झोपवणे तर फारच वाईट. झोपेत लाळ जवळजवळ थांबते, मग भरपाई करणार कोण?

आता डागाकडे वळू. अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी १९०१ मध्ये फ्रेडरिक मॅके हा तरुण दंतवैद्य आला. तेथे वाढलेल्या अनेकांचे दात तपकिरी होते, पण किडीचे प्रमाण मात्र कमी होते. कारण पाण्यात असावे असा त्याचा कयास होता. तो सिद्ध व्हायला १९३१ साल उजाडले. त्या वर्षी चर्चिल या रसायनशास्त्रज्ञाने अशा गावांच्या पाण्यात जास्त फ्लोराइड असल्याचे दाखवले. आपल्या देशात नेल्लोर भागातील अशा विकाराची नोंद १९३७ मध्ये झाली.

फ्लोराइड खडकांतल्या खनिजांतून पाण्यात उतरते. खोलवरचे पाणी खडकाच्या सहवासात दीर्घकाळ असते, म्हणून उथळ आडापेक्षा खोल बोअरच्या पाण्यात ते जास्त असण्याची शक्यता अधिक. दुष्काळ पडला की आपण बोअर आणखी खोल नेतो, हे मराठवाड्यात वेगळे सांगायला नको. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत. एक लिटर पाण्याचे वजन दहा लाख मिलिग्रॅम. म्हणजे दहा लाखांत एक भाग योग्य आणि दोन-तीन भाग झाले की दातांवर खूण!

ही खूण नेमकी केव्हा उमटते? कायमच्या दातांचे दंतवल्क जन्मापासून साधारण आठ वर्षांपर्यंत हिरड्यांच्या आत घडत असते. त्या काळात पोटातून रक्तात गेलेले जास्तीचे फ्लोराइड ही घडण बिघडवते आणि दंतवल्क सच्छिद्र राहते. दात बाहेर येतो तो डाग घेऊनच. त्यानंतर विटकरीची पूड, कोळसा किंवा मशेरी घासून डाग जात नाही. दंतवल्क मात्र झिजते. उलट, दात बाहेर आल्यावर थोडे फ्लोराइड त्याच्या पृष्ठभागाला लागले, तर स्फटिकात शिरून ते त्याला आम्लापुढे अधिक टिकाऊ करते. टूथपेस्टमध्ये ते यासाठीच घालतात. तात्पर्य, फ्लोराइड दाताला बाहेरून लागावे, पोटात जास्त जाऊ नये. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरे, आणि ती थुंकायला शिकवावे. गावचे पाणीच फ्लोराइडयुक्त असेल, तर पेस्ट कोणती वापरावी हे दंतवैद्याला विचारावे.

डाग आणि कीड वेगळे ओळखण्याची एक खूण सांगतो. डावीकडचा आणि उजवीकडचा तोच दात एकाच काळात घडतो. त्यामुळे फ्लोराइडचे पट्टे दोन्ही बाजूंना जोडीने दिसतात. कीड अशी जोडी पाळतेच असे नाही. हिरडीलगत, दोन दातांच्या फटीत आणि दाढेच्या खाचांत तिची सुरुवात होते. मात्र ही झाली आपली अटकळ. निदान दंतवैद्यानेच करायचे.

पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही, याचीही नोंद घ्या. वाफ निघून जाते, क्षार मागे राहतात, आणि उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण उलट वाढते! नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने १९७० च्या दशकात तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड काढण्याची ‘नालगोंडा’ पद्धत विकसित केली. पण तिच्यात मात्रा पाण्याच्या तपासणीवरून ठरवावी लागते, अंदाजाने नव्हे. छतावरून साठवलेल्या पावसाच्या पाण्यात फ्लोराइड जवळजवळ नसतेच.

राहिली दंतवैद्याची भीती. मुले घाबरतात ती बहुधा यंत्राच्या किणकिणाटाला. १९५७ मध्ये आलेल्या हवेच्या झोताने फिरणाऱ्या यंत्राचा वेग मिनिटाला सुमारे तीन लाख फेऱ्या होता. भागाकार करा: सेकंदाला पाच हजार. आवाज इतका तीक्ष्ण का, हे यावरून कळेल. घर्षणाने दात तापू नये म्हणून त्यावर पाण्याचा फवारा सोडतात. शिवाय दर वेळी यंत्र लागतेच असे नाही. सहाव्या वर्षाच्या दाढेच्या खाचा निरोगी असतानाच राळेसारख्या पदार्थाने बुजवता येतात. लहान मुलांची कीड थोपवण्यासाठी चांदी आणि फ्लोराइडयुक्त द्रवही लावतात. त्याने किडका भाग काळा पडतो, पण दुखत नाही.

शिक्षकांसाठी थोडेसे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी व शाळांतील मुलांची जी तपासणी होते, तिच्यात दातांची कीडही पाहतात. आपल्याकडे अडचण हंगामाची आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास कितीतरी मुले आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात आणि दाढ दुखू लागते ती दूरच्या कोपीवर, मध्यरात्री. अशा मुलांचे दात निघण्यापूर्वीच दाखवून घ्यावेत. दातांवर डाग असतील, तर मूल आजवर कोणकोणत्या गावचे आणि कोणत्या बोअरचे पाणी प्यायले हे एका कागदावर लिहून सोबत द्यावे. दंतवैद्य तेच आधी विचारील.