दोघे अगदी सारखे, मग प्रमुख कोण?

एकाच वेळी चालणाऱ्या, एकमेकांशी बोलणाऱ्या प्रक्रियांचं वर्णन करायला संगणकशास्त्राने अनेक गणिती भाषा घडवल्या. टोनी होअर यांची सीएसपी १९७८ची, रॉबिन मिल्नर यांची सीसीएस १९८०ची. मिल्नर, पॅरो आणि वॉकर यांचा पाय-कॅल्क्युलस १९९२चा. यांतली अधिक समर्थ कोणती? ‘ट्युरिंग यंत्राला जे काढता येतं, ते काढता येतं का’ या कसोटीवर सगळ्या सारख्याच. पण ती कसोटी शेवटचं उत्तर तेवढं पाहते. वाटेत कुणी कुणाशी काय ठरवलं, हे तिला दिसत नाही. इथे तर सगळी गंमत त्या ठरवण्यातच आहे.

एकट्या पाय-कॅल्क्युलसचीच दोन रूपं घ्या. मूळ रूपात देणारा आणि घेणारा एकाच क्षणी हजर असावे लागतात. होंडा-टोकोरो आणि बुडोल यांच्या असमकालिक रूपात संदेश पत्रपेटीत टाकायचा आणि पुढे निघायचं. पोच मागवून पहिल्या रूपातलं थांबणं दुसऱ्यात उभं करता येतं, हे त्यांनीच दाखवलं. मग दोन्ही रूपं तुल्यबळ म्हणायची का?

कातुशिया पालामिदेस्सी यांनी १९९७मध्ये ‘नाही’ असं सिद्ध केलं, आणि त्यासाठी निवडलेला प्रश्न मला फार देखणा वाटतो. दोन प्रक्रिया, दोघींचा प्रोग्राम एकच, मध्यस्थ कुणी नाही. त्यांनी आपल्यातली एक प्रमुख निवडायची. मूळ रूपात प्रत्येकीला म्हणता येतं: ‘मी तुला देईन किंवा तुझ्याकडून घेईन, जे आधी जमेल ते.’ एकच देवघेव होते, देणारी प्रमुख ठरते आणि दोघींना ते त्याच क्षणी कळतं. असमकालिक रूपात एकीच्या पाठवण्याने दुसरीचं पाठवणं अडत नाही. पहिलीने जे पाऊल टाकलं, तेच दुसरीही टाकू शकते, की पुन्हा दोघी सारख्या! हे अनंत काळ चालू शकतं. म्हणून ही समानता राखणारं आणि अशा अंतहीन घोळात न अडकणारं भाषांतर पहिल्या रूपातून दुसऱ्यात होऊच शकत नाही.

खरं बळ एकत्र हजर असण्यात नव्हे, तर देणं आणि घेणं एकाच निवडीत मिसळण्यात आहे. पर्याय नुसते देण्याचे किंवा नुसते घेण्याचे असतील, तर भाषांतर जमतं. उवे नेस्टमन यांनी ते करून दाखवलं.

पुढे २०००मध्ये पालामिदेस्सी आणि ओल्तेया हेरेस्कू यांनी असमकालिक प्रक्रियांना जणू नाणं उडवायची मुभा दिली. त्याच बळावर नंतर मिश्र निवडही भाषांतरित झाली, आणि कायमचं अडकून पडण्याची संभाव्यता शून्यावर आली.